गच्चीची किल्ली

“पयले बटन पाहा, मंग तार पाहा, मंग मले शिव्या द्या.”

टीव्ही बंद पडल्याचा फोन गेला की आमच्या केबलवाल्या चाचांचं हे ठरलेलं उत्तर. शिव्यांपर्यंत सहसा वेळ येत नसे. निम्म्या घरांत कूलर लावायला कोणीतरी टीव्हीचाच प्लग काढलेला असायचा. अकोल्याच्या उन्हात माणूस आधी कूलर पाहतो.

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. नाव कोणाला ठाऊक नाही, नंबर सगळ्यांकडे. चाचा बार्शीटाकळीहून मोटारसायकलवर यायचे, खांद्याला काळ्या तारेचं भेंडोळं. आमच्या सोसायटीच्या तीन इमारती, आणि त्यांची लाइन तिन्ही गच्च्यांवरून गेलेली. केबलचा धंदा दुसऱ्याच्या गच्चीवर चालतो. लोकांनी वर येऊ दिलं तर धंदा आहे, नाहीतर नाही. एवढं ध्यानात ठेवा.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर ते थांबायचे आणि मोठ्यानं हाक द्यायचे, “गच्चीवर येऊन राहिलो वो!” वर कोणी केस वाळवत असेल, कोणी कुरड्या घालत असेल, तर तिला सावरायला वेळ मिळावा. मग चपला हातात घेऊन, वाळत घातलेल्या मूगवड्यांमधून पाय टाकत ते तारेच्या जॉइंटपर्यंत जायचे. तापलेल्या गच्चीवर, अनवाणी.

मी एकदा म्हटलं, “चाचा, पाय भाजतील.”

“भाजू द्या, भाऊ. एक वडी मोडली तं तुमच्या आईचं बोलनं याच्याहून गरम राह्यते.”

आई तिथेच होती. पदर तोंडाला लावून हसली.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला हाणामारी झाली. काही दिवस बाजार बंद, नेट बंद. आमच्या भागात खडाही उडाला नव्हता, तरी सोसायटीची मीटिंग भरली. ठरलं, की गच्च्यांना कुलूप लावायचं; किल्ली सेक्रेटरीकाकांकडे, सभासदांनी मागून न्यायची; अनोळखी माणूस वर जाणार नाही.

मी विचारलं, “अनोळखी कोण?”

सगळे पंख्याकडे पाहू लागले. आईसुद्धा.

सेक्रेटरीकाका म्हणाले, “तुले समजून राह्यलं ना बाप्पा? मंग आमच्या तोंडून कावून वदवतं?”

अनोळखी म्हणजे मुसलमान. मीटिंगच्या मिनिट्समध्ये तो शब्द कुठेच नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मी कुलपाविरुद्ध पत्रक काढलं. पत्रकं काढणं हेच माझं काम. वाक्यं धारदार होती. घरोघर जाऊन दिलं. “भाषा मस्त हाय तुई,” असं जवळपास प्रत्येक दारात ऐकलं. कुलूप निघालं नाही.

टीव्ही मात्र बंद पडायचे थांबले नाहीत, आणि फोन चाचांनाच जात राहिले. ते रस्त्यात उभं राहून, मान वर करून, फोनवर दुरुस्ती सांगायला लागले. एका दुपारी शेजारच्या काकू गच्चीवर, चाचा खाली.

“काकू, कूलरच्या मांगं दुधाची पिशवी गुंडाळेल जॉइंट दिसते का?”

“दिसते. वली हाय.”

“तिले सोडा अन् पुसा.”

“मले करंट लागन ना!”

“नाही लागत जी. त्याच्यातून नुसत्या सिरियली जातात.”

काकूंनी भलतीच पिन उपटली. तिन्ही इमारतींतले टीव्ही गेले. खिडक्या उघडल्या आणि सगळा आरडाओरडा रस्त्यातल्या माणसावर. चाचा, वर या, असं एकाही खिडकीतून आलं नाही.

मी किल्ली मागून आणली. “चला चाचा, मी नेतो तुम्हाला.”

“तुमी न्याल हो. उतरताना कोनी इचारलं, वर काय करून राह्यला होता, तं?”

मग मीच वर जाऊन पिन बसवली. चित्र आलं, चौकोन-चौकोन तुटलेलं. खाली आलो तर चाचा म्हणाले, “तुमी पत्रकच लेहा, भाऊ.” हे ते गमतीनं म्हणाले नव्हते.

अशा दुरुस्तीला कंटाळून लोकांनी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. त्या कंपनीची पोरं आली. त्यांना आम्ही जन्मात पाहिलेलं नव्हतं. सेक्रेटरीकाकांनी फक्त नावं विचारली, ऐकली आणि किल्ली हातात ठेवली. पोरं बूट घालून गच्चीभर फिरली. चाचांच्या तारा त्यांनी कापून रस्त्यावर फेकल्या.

त्या गोळा करायला चाचा आले. अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेढे घेत एकेक तार गुंडाळत होते. आमच्या इमारतीवरची एक तार कठड्याच्या सळईत अडकली. दोघांनी ओढली, निघेना. मी किल्लीसाठी सेक्रेटरीकाकांकडे धावलो. त्यांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.

“ते मोझरीच्या आश्रमात गेले, सर्वधर्म प्रार्थनेले. किल्ली त्याह्यच्याच खिशात हाय.”

तिच्या मागे, आतल्या खोलीत, कोणीतरी चॅनल बदललं.

खाली येऊन चाचांना सांगितलं, किल्ली नाही मिळाली. त्यांनी वर एकदा पाहिलं. मग हात पुरेल तिथे पकड लावून तार कापली, भेंडोळं मोटारसायकलला बांधलं आणि निघाले. त्यानंतर ते इकडे फिरकले नाहीत. फोन लावला तर लागत नाही.

वर अडकलेली तार कोणीतरी ओढून घेतली आणि पाण्याच्या टाकीला ताणून बांधली. काल तिच्यावर एक चादर वाळत होती. मी रस्त्यातूनच ओळखली. आमच्या घरातली होती.