मैनेचा पाय

मैना कशानं लंगडी झाली, असं आमच्या गल्लीत कुणालाही विचारा — सुमननं पळवली, हेच सांगतील. मीही तेच सांगत आले. नवऱ्याला, मुलांना, देवाला सुद्धा. खरं काय ते तुम्हाला सांगतेय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर जीभ उचलली नसती.

मैना आमची वरातीची घोडी. माजलगावात आमचं मंडप-भांड्यांचं दुकान होतं, आणि नवरदेवाला लागायची म्हणून यांनी घोडी पाळली होती. पांढरी, अंगानं भरलेली, बॅंडच्या तालावर पाय उचलणारी. एका वरातीत पोरांनी तिच्या पोटाखाली फटाक्याची लड टाकली. ती उधळली, गटारीच्या फरशीवर आदळली, आणि पुढचा डावा पाय धरून उभी राहिली. सरकारी दवाखान्याचे जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपला. म्हणाले, हाड शाबूत आहे, मागची मोठी शीर ताणलीय. विकायची घाई करू नका — नीट केलं तर होईल बरी.

आणि यांनी नीट केलं. काय सांगू तुम्हाला कसं केलं ते! आधी गार पाण्याची धार, मग पट्टी. सूज उतरल्यावर तेलानं चोळणं, पाय उचलून अलगद दुमडणं, अलगद सोडणं. रोज सकाळी सिंदफणा नदीच्या पाण्यात गुडघाभर उभी करायची, मग वाळूवरून हाताशी धरून चालवायची — आज एवढं, पुढच्या आठवड्यात त्याहून थोडं जास्त. दुकान उघडायला उशीर झाला तरी चालेल, मैनेची फेरी चुकायची नाही. तेल मीच कोमट करून द्यायचे. गुडघ्यावर हात टेकत टेकत वाटी घेऊन जायचे.

कारण माझाही पाय गेलेला होता. तुम्हाला तेच सांगायचं राहिलं — का मुद्दाम मागं ठेवलं मी?

त्याच्या दोन वर्षं आधी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यावरून पडले होते. गुडघा फुटला. प्लास्टर निघाल्यावर बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज येऊन व्यायाम करून घ्या, आमच्याकडं त्यासाठी बाई आहेत, नाहीतर पाय असाच ताठ राहील. हे म्हणाले, "रोज बीडला कोण जाणार? घरात कामं करतीसच की, त्योच व्यायाम." संपलं. पाय ताठ राहिला. चुलीपाशी बसता येईना म्हणून ओट्यावर गॅस आला, त्याचंही गल्लीत कौतुक झालं — बायकोसाठी ओटा बांधला म्हणून!

सुमन माझी धाकटी नणंद. धारूरला दिली होती. नवरा मारायचा, सासू वर मीठ चोळायची. एका दिवशी ती अंगावरच्या लुगड्यानिशी निघून आली, आणि भावानं तिला ठेवून घेतलं. गरीब स्वभावाची. मैनेवर तिचा फार जीव. संध्याकाळची फेरी तिच्याकडं होती.

माझं आणि तिचं वैर होतं का? नव्हतं. म्हणूनच सांगायला जड जातंय.

उन्हाळ्याचे दिवस होते. मैना जवळपास बरी झालेली. एका लग्नाच्या मंडपाची बोलणी करायला हे चौसाळ्याला निघाले होते, मुक्कामाला. जाताना चहा द्यायला मी गेले, तर हे मैनेला फिरवून आणून तिच्याकडं बघत उभे. तोंडावर असं हसू, की माझ्या बाळंतपणातसुद्धा मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बघ, लंगड गेली पार! डाक्टर म्हनलेत, आजून महिनाभर पळू द्यायची न्हाई, की झालं." मग माझ्या हातातली बशी घेताना माझ्या पायाकडं बघितलं, आणि अगदी सहज म्हणाले, "तिनं मनावर घेतलं. तू कधी घेतलंच न्हाईस."

 हे गेले.

दुपारी सुमन शेजारी पापड लाटायला गेली. पोरं शाळेच्या सुट्टीत मामाकडं. मी मागच्या आवारात गेले. मैनेच्या पायाची पट्टी सोडली. मंडपाचा एक वेळू हातात घेतला. तिचं दावं सोडलं. — रागाच्या भरात झालं, असं म्हणायला आवडलं असतं. पण पट्टी मी सावकाश सोडली होती, गुंडाळी करून नीट बाजूला ठेवली होती.

पहिला वेळू मारला तेव्हा ती पळालीच नाही. माझ्याकडं वळून तिनं पदरात तोंड घातलं. मी काही खायला आणलं असेल, असं वाटलं असावं तिला. मी पुन्हा मारलं. पुन्हा. मग मात्र ती सुटली — आवारातून बाहेर, दगडगोट्यांवरून, आणि पाटाच्या कोरड्या चारीवरून उडी मारून पलीकडं. पलीकडं पाय टेकला तसा तिचा खांदा एकदम खाली गेला. मी लांबून बघितलं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं — दुसरा शब्द शोधून मिळणार नाही.

आणि मग ती परत आली. स्वतःहून, पाय जपत जपत, माझ्याकडंच. दुसरं कुणाकडं जाणार होती? मी तिचा घाम पुसला, पट्टी होती तशी बांधली, वेळू जागेवर ठेवला.

संध्याकाळी सुमन तिला फिरवायला घेऊन गेली आणि अर्ध्या वाटेतून रडत परत आली. "वहिनी, मैना लंगडतीय वो! मी काईच केलं न्हाई, नुसती चालवत हुते!" मी म्हटलं, येऊ दे त्यांना.

हे दुसऱ्या दिवशी आले. डॉक्टरांनी पाय बघून मान हलवली. आता शीर तुटलीय, म्हणाले. हिच्यावर पुन्हा कुणी बसायचं नाही. हे डॉक्टरांना पोचवून आले आणि सुमनपुढं उभे राहिले. "कावून पळवलीस?" ती शपथा घ्यायला लागली. मग हे माझ्याकडं वळले. "तू सांग. हिनं पळवली का?"

तेव्हा अजून वेळ होता. निदान 'मला माहीत नाही' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चारीकडं गेलत्या म्हणे वन्सं. मी काय डोळ्यानं बघितलं न्हाई."

सुमननं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. एवढी साधी ती.

यांनी तिला हात लावला नाही. त्याच आठवड्यात एसटीत बसवून धारूरला सोडून आले. म्हणाले, ज्या घरात खाल्लं त्याच घराचा घात केला. मैना बाजारात दिली. पुढच्या हंगामाला यांनी फुलांनी सजवायला मारुती गाडी घेतली. सगळीकडं नवरदेव गाडीतूनच यायला लागले होते, घोडी जुनाट वाटायला लागली होती. मी कित्येक वर्षं मनाला सांगत होते, की मैना तशीही गेलीच असती. गेली असती. पण सुमन गेली नसती.

धारूरला तिचा डावा कान गेला. कुणाच्या हातानं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हे शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मला म्हणाले, "सुमनला सांग, म्या माफ केलं तिला." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी त्यांच्या तोंडाला पाणी लावलं आणि म्हटलं, सांगते.

आणि सांगितलंही. ती विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हा हेही राहिले नव्हते. मी तिला म्हटलं, दादांनी तुम्हाला माफ केलंय. तिला नीट ऐकू आलं नाही. ती चांगला कान पुढं करून जवळ सरकली, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.  मग ती म्हणाली, "काय की वहिनी. त्या सांजेला मीच जरा घाईनं चालवली आसंल. आता मला बी तसंच वाटतंय."

मी म्हटलं, "जाऊ द्या वन्सं. झालं गेलं."

आता ती माझ्याकडंच राहते. मला खाली बसता येत नाही म्हणून घरातलं खालचं सगळं तीच करते. आत्ताही ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलीय. उजव्या कानानं तिला चांगलं ऐकू येतं. मी हाक मारली तर ती लगेच येईल. मी हाक मारलेली नाही.