साडूंची गाडी निर्दोष होती

महाडपासून पोलादपूरपर्यंत जेवढ्या गाड्या धावतात, त्यांतल्या एकाही गाडीने आपल्या मालकाकडून आमच्या साडूंच्या गाडीइतके लाड करून घेतलेले नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. गाड्याच कशाला, माणसांनीसुद्धा नाहीत. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची पत्नी, एकदा तापाने फणफणली होती. साडूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटून अंदाज घेतला आणि म्हणाले, "अजून काटा लालवर नाही. थोडी सावलीत उभी राहा." तो ताप आपण निव्वळ संतापाने उतरवला, असे आक्का अजून सांगते.

साडूंची तीस वर्षे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर गेली. तासातासाला काटा बघायचा, वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. निवृत्त झाल्यावर बॉयलर तिथेच राहिला, पण वही घरी आली. तिच्यात आता गाडीचे पाणी, ऑइल, हवा आणि बॅटरी यांचे रकाने पडले. गाडी चॉकलेटी रंगाची, चार दारांची. ती घेतली तेव्हा साडूंचे केस काळे होते. तिचे वेळापत्रक मात्र कंपनीच्या पुस्तिकेत नव्हते, ते आक्काच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर होते. रोज सकाळी चहाआधी पाणी. संकष्टीला चाकांची हवा, कारण उपासाच्या दिवशी पोट हलके असते आणि वाकायला सोपे जाते. एकादशीला बॅटरी. अमावस्येला फॅनबेल्टपासून ब्रेकपर्यंत सगळी तपासणी, कारण "अमावस्येला गाडी मागायला कोणी येत नाही, निवांत काम होतं." दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचेच. चार हजार नऊशेवर आकडा आला की साडू पाहुण्यांकडे जाणे टाळत. अधिक महिना आला की गाडीला बॅटरीच्या दोन एकादश्या जास्तीच्या मिळत, आणि साडू म्हणत, "पुण्य पडलं पदरात तर तिलाही पडू दे."

संध्याकाळी गाडी लावली की इंजिनाखाली ते एक कोरा पुठ्ठा सरकवत. सकाळी पुठ्ठा बाहेर काढून, चष्मा कपाळावर चढवून त्यावरचे डाग वाचत. काळा डाग ऑइलचा, हिरवट डाग रेडिएटरच्या पाण्याचा, आणि डागच नसेल तर चेहऱ्यावर असे समाधान, की आक्काने त्या घडीला काहीही मागितले असते तरी मिळाले असते. दुर्दैवाने आक्का त्या वेळी भाकऱ्यांत असे. पाचाडला आम्ही सगळे गेलो, तर बाकीचे पिठले-भाकरीवर तुटून पडलेले आणि साडू बॉनेट उघडून आत तोंड घालून बसलेले. हॉटेलवाली विचारते, "बंद पडली काय वो?" साडू दुखावून म्हणाले, "बंद पडू नये म्हणून बघतोय, बाई." आणि ती खरोखरच कधी बंद पडली नाही. त्यांच्या पुतण्याची नवी कोरी गाडी आंबेनळी घाटात रुसून बसली, तेव्हा ती दोरी बांधून या म्हातारीनेच पोलादपूरला खाली आणली. पुतण्या मान खाली घालून बसला होता. साडू एवढेच म्हणाले, "लहान आहे ती अजून. शिकेल."

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो इतका वेळ लांबवला, कारण तो माझा आहे.

चार वर्षांपूर्वी साडू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे मुंबईला गेले, एकवीस दिवस. जाताना किल्ली आणि वही माझ्या हातात दिली. आमचे घर चार घरे सोडून, आणि मी निवृत्त शिक्षक, म्हणजे त्यांच्या लेखी भरवशाचा माणूस. "मास्तर, रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. पुठ्ठा बघा, पाणी बघा, टिक करा. बाकी काही नको." पाच दिवस मी हे इमानाने केले. सहाव्या दिवसापासून माझ्या लक्षात आले, की इंजिन चालू ठेवणे सुखाचे आहे, आत बसून पेपर वाचता येतो. पाणी बघायला मात्र बॉनेट उचलावे लागते, आणि ते माझ्या कमरेला मानवत नाही. मग मी रविवारी बसून आठवड्याच्या टिका एकदम करू लागलो. पुढे पुढे तर आगामी गुरुवारचे पाणी मी मंगळवारीच पाहून ठेवले. आयुष्यभर मुलांच्या वह्या मी कशा तपासल्या, हे माझ्या विद्यार्थ्यांनी आता विचारू नये. पुठ्ठ्यावर एकदा हिरवट डाग दिसला. शेजाऱ्यांचा बोका गाडीखालीच झोपायचा. मी त्याला हाकलले आणि शेजारणीलाही चार शब्द सुनावले. सोळा टिका मी अशा केल्या.

साडू परतले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकायला बंदी घातली होती, म्हणून त्यांनी वही वाचली, सगळ्या टिका बघितल्या आणि माझी पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी उमरठला आमच्या बायकांच्या भावाच्या मुलीचे लग्न. महाडहून भटजींना आणायची जबाबदारी साडूंच्या गाडीवर, कारण सगळ्या नात्यात न चुकणारी ती एकच. गाडी मी चालवत होतो, साडू शेजारी, भटजी मागे. पोलादपूर सोडून चढ लागला. "मास्तर, काटा कुठे आहे?" "मध्यावर," मी म्हणालो. मी काटा पाहिलाच नव्हता. भटजींच्या मुलाला स्थळ सुचवण्यात मी गुंतलो होतो. साडूंनी तीनदा विचारले, मी तिन्ही वेळा मध्यावर सांगितले. चौथ्यांदा विचारायची वेळ आली नाही. बॉनेटमधून वाफेचा असा लोट उठला, की भटजींनी मागच्या सीटवरून मंत्रच सुरू केला. शेवटी ते बँडवाल्यांच्या टेम्पोत, मोठ्या ढोलाला मिठी मारून मांडवात पोचले. अंतरपाट धरून उभ्या राहिलेल्यांचे हात भरून आले होते. आम्ही मागाहून पायी पोचलो, तेव्हा नवरीचा मामा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाला, "काय वो दाजी, तुमच्याबरोबर गाडीला पन मोतीबिंदू झाला काय?" मांडव हसला. साडूही हसले, पण त्यांनी चष्मा काढला नाही.

पोलादपूरच्या मेकॅनिकने गाडी उघडून पाहिली. होज पाइपची क्लिप सैल होऊन पाणी दिवसेंदिवस झिरपत गेले होते. "काका, इंजिनचा हेड गेला. आत पानीच नाय हाय."

"पाणी होतं," साडू म्हणाले. "मास्तरांनी रोज पाहिलंय. वहीत आहे."

"वहीत आसंल काका. गाडीत नाय हाय."

"मग वाटेत एकदम गळलं असेल." साडूंनी माझ्याकडे वळून विचारले, "नाही का हो मास्तर?"

मी म्हणालो, "तसंच झालं असेल."

तीस वर्षे काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या माणसाने मेकॅनिकच्या डोळ्यांपेक्षा माझ्या टिकेवर विश्वास ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोष गाडीवर टाकला. हेड दुरुस्त झाले, गाडी घरी आली. पण साडूंचे मन तिच्यावरून उडाले. "एवढं नियमानं वागवून ती दगा देते, मग नियम कशाला?" म्हणाले, आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. एसटीने जाऊ लागले. लग्नाकार्यात कोणी मोतीबिंदूची आठवण काढली की मी पाणी प्यायला उठत असे.

यंदा माघात आक्का सहज म्हणाली, गुरुवारी भंगारवाला गाडी न्यायला येतोय. मी बुधवारी सकाळी गेलो. ओट्यावर बसून सगळे सांगितले, बोक्यासकट. मला वाटले, आता ऐकून घ्यायचे. साडू आत गेले, ट्रंकेतून वही घेऊन आले आणि पेन माझ्यापुढे धरले.

"कुठल्या कुठल्या टिका?"

मी खोडायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "गिरगटायचं नाही, मास्तर. चुकलेलं रीडिंग वाचता आलं पाहिजे. एक रेघ, आणि पुढं सही. आजची तारीख." सोळा रेघा, सोळा सह्या. प्रत्येक सहीला ते मान हलवत होते. शेवटची झाल्यावर मोठ्याने आक्काला हाक मारली, "अगो, तिचं काही चुकलं नव्हतं! ऐकलंस का?" आणि अनवाणीच अंगणात जाऊन ताडपत्री ओढू लागले. माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना माझ्याशी कर्तव्यच नव्हते.

भंगारवाला आल्या पावली परत गेला. मेकॅनिकने दोन दिवस खपून गाडी चालू केली. आता रोज सकाळी बॉनेट मी उचलतो, पाणी मी पाहतो, आणि साडू काठीवर रेलून, मी खरेच पाहतो आहे की नाही, हे पाहतात. टिक तेच करतात. रविवारी मी त्यांना शिवथरच्या रस्त्याने फिरवून आणतो. परवा वाटेत मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि म्हणालो, "घ्या, थोडी तुम्ही चालवा." ते सरकून स्टेअरिंगमागे बसले. उजवा पाय ब्रेकवर ठेवला, डावा क्लचवर. दोनदा दाबून पाहिला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही दबत आता. चार वर्षांपूर्वी दबत होता."

माझ्यावर रागावून नव्हे, नुसते रीडिंग सांगावे तसे म्हणाले. मी पुन्हा गाडीत बसलो. सावकाश चालवा, म्हणाले, म्हणून सावकाश चालवली.