दादा असमर्थ असल्याचा दाखला

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी माझी पुतणी हिंगोलीला माझ्या घरी आली. हातात प्लास्टिकची फाइल, सोबत दादा. दादा म्हणजे तिचे वडील, माझा थोरला भाऊ. फौजेत असताना सुरुंगावर त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. गावात त्याला सगळे मेजर म्हणतात. तो नाईक या बऱ्याच खालच्या हुद्द्यावरून घरी आला होता, पण आमच्याकडे फौजेतून आलेला माणूस मेजरच असतो.

"काका, एवढा फारम भरून द्या," पुतणी म्हणाली. "बाबा म्हन्ले, फारम भरावा तर तुमीच."

हे खरं आहे. मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे. भावकीत कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचा उत्पन्नाचा दाखला काढायचा असला की माणूस माझ्याकडे येतो. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्याबद्दल खात्रीनं सांगता येईल असं चांगलं एवढंच.

सरकारी भरतीचा अर्ज होता. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाच्या घरातल्या एकाला त्यात प्राधान्य मिळतं, त्या सवलतीचा. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, औंढा तालुका लिहिला. दादाचा फौजेतला नंबर न विचारता लिहिला. "काकाला पाठ हाय!" पुतणीला कौतुक वाटलं. पाठ असणारच. त्या नंबरावर मी चोवीस-पंचवीस वर्षं जेवतो आहे.

मग एक ओळ आली. "या सवलतीचा लाभ कुटुंबातील अन्य व्यक्तीने यापूर्वी घेतला आहे काय? असल्यास तपशील द्यावा."

तो तपशील म्हणजे मी.

"काहून थांबला?" दादा म्हणाला. "शाई संपली का?"

शाई भरपूर होती. इथं मागचं सांगणं भाग आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दादा पुण्याच्या दवाखान्यातून नवा पाय लावून घरी आला तेव्हा मी बी.ए. होऊन रिकामा होतो. परीक्षा देत होतो आणि नापास होत होतो, दोन्ही नियमितपणे. दादाचं लग्न व्हायचं होतं. आठ दिवस गाव पाय बघायला येत राहिलं. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "बसून खायची सवय न्हाई मला. फौजीला जागा राखीव असतेत. एखादी नोकरी बघतो." त्याच्या डोक्यात सरकारी वसतिगृहातली पहारेकऱ्याची जागा होती. रात्रभर जागायचं, पोरांना धाकात ठेवायचं. त्याच्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नव्हता.

त्याच सुमारास हिंगोलीत एका कार्यालयाच्या फलकावर मी एक नियम वाचला. सैनिक स्वतः नोकरी करण्यास असमर्थ असेल तर त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला प्राधान्य. तो अविवाहित असेल तर भावालाही. मी तो तीनदा वाचला. घरच्या माणसाचा पाय गेल्याचा इतका उपयोग होईल असं मला तोवर सुचलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं, म्हणून खोडत नाही.

दादाला म्हणालो, "तुझ्यामुळं मला नोकरी लागू शकते. एक सही लागंल."

तो खूश झाला. "लागू दे की. एक बूट माझा तसाच कोरा पडून हाय, तू घालत जा."

फौजेत कागद वाचून सही करायची पद्धत नसावी. निदान दादाला ती सवय नव्हती. वरच्यानं जिथं बोट ठेवलं तिथं सही करायची आणि सलाम ठोकून निघायचं. मी बोट ठेवलं. बोट ठेवताना पंजा पसरून ठेवला. पंजाखाली दोन ओळी होत्या: "मी स्वतः कोणतीही नोकरी करण्यास कायमस्वरूपी असमर्थ आहे. भविष्यात नोकरीची मागणी करणार नाही."

"काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नेहमीचंच. सरकारी."

त्यानं हुद्द्यासकट सही केली.

पायाचा दाखला डॉक्टरांचा होता, तो खराच होता. असमर्थतेचा पंचनामा मात्र तलाठ्यानं घरी येऊन करायचा होता. त्या दिवशी मी दादाला सांगितलं की तलाठ्याला जखम बघायची आहे, पाय काढून बाजेवर पडून राहा. काढलेला पाय मी ज्वारीच्या पोत्यांमागं ठेवला. तलाठी आले. घरात पाहुणा आणि आपण लोळतोय हे दादाला सोसेना. तो उठला, एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात गेला, आधी पाणी आणि मग चहा घेऊन आला. बशीत थेंब सांडला नव्हता.

"मेजर," तलाठी म्हणाले, "तुमी तर आमच्यापेक्षा बराबर चालून राहिले."

"एक पाय कमी, म्हंजे एका गुडघ्याची तकलीफ कमी," दादा म्हणाला.

तलाठी हसले, चहा प्याले आणि माझ्याकडे बघत त्यांनी लिहिलं: हालचालीसाठी कायम दुसऱ्याची मदत आवश्यक.

मला नोकरी लागली. दादानं गावात पेढे वाटले, सायकलवरून, घरोघरी.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तो मला सोडायला एसटीनं आला. दादाला तिकिटात सवलत आणि त्याला सांभाळून नेणाऱ्या सोबत्यालाही सवलत. कंडक्टरनं विचारलं, "सोबती कोण?" मी हात वर केला. माझी बॅग, वळकटी आणि आईनं दिलेला डबा दादाच्या मांडीवर होता.

वर्षभरानं त्यानं वसतिगृहाच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज परत आला. कागद घेऊन दादा थेट माझ्या खोलीवर आला, हसतच. "आरे, मी नोकरीच्या लायक न्हाई असं सरकार म्हणून राहिलं. मीच लिहून दिलंय म्हंते. तुला काही म्हाईत हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

पंजा पसरला होता तेव्हा वय लहान होतं, भूक होती, काय काय सांगता येईल. या "न्हाई"ला काहीच सांगता येत नाही. पगार चालू होता, पोट भरलेलं होतं.

"सरकारी काम," मी पुढं म्हणालो, "काही तरी घोळ झाला असंल."

"घोळच आसंल," दादा म्हणाला आणि गावी जाऊन शेतीला लागला.

त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आज गावातली निम्मी हळद तो शिजवतो. उन्हाळ्यात बॉयलरवर चढून दिवसभर वाफेत उभा असतो. इकडं मी खुर्चीत बसून कंबर घालवली, पट्टा बांधल्याशिवाय मला बादली उचलत नाही. आमच्यातला नोकरीस असमर्थ कोण, हे अनोळखी माणसाला विचारलं तर तो माझ्याकडं बोट दाखवील. ऑफिसातला एक जण गावाकडून आला की हटकून म्हणायचा, "तुमचा अपंग भाऊ लई जोरात हाय बुवा, ट्रॅक्टर चालवून राहिला!" मी हसायचो आणि दार बंद आहे का बघायचो.

बाकीचे लाभ दादाला मिळाले, नाही असं नाही. घरपट्टी माफ झाली. त्यासाठी ग्रामपंचायत दर वर्षी नवा दाखला मागते. एकदा त्यानं ग्रामसेवकाला विचारलंच, "काहून? पाय परत उगवला का ते बघता?"

तर त्या रविवारी मी पेन धरून बसलो होतो. "नाही" लिहिता आलं असतं. जुन्या फाइली कोण काढतो? माझ्या अक्षरात ते "नाही" सुंदरही दिसलं असतं. पण खाली पुतणीची सही होणार होती आणि खोटं उघडं पडलं तर नोकरी तिची जाणार होती. घरातल्या दुसऱ्या माणसाला मी न वाचता सही करायला लावणार होतो.

मी लिहिलं, "होय. अर्जदाराचे काका." पुढं माझं नाव, खातं, रुजू झाल्याचं वर्ष.

पुतणीनं ते मोठ्यानं वाचलं. अर्थ तिला नंतर लागला. "म्हंजे एकालाच मिळतं? मंग माझी जागा तुमी बसता त्या खुर्चीत हाय का काका?"

"व्हय."

"आन् हे तुमाला म्हाईत होतं?"

"व्हय."

दादा मध्ये पडला. "काकाला माझ्यामुळंच लागली, ते मला म्हाईत हाय गं. एकदाच मिळतं एवढं न्हवतं ठाऊक." तो अजून माझीच बाजू घेत होता. ते मला सहन झालं नाही, म्हणून उरलेलं बोललो. पंजाचं, पोत्यांमागं ठेवलेल्या पायाचं, वसतिगृहाचं. "घोळ सरकारनं न्हाई केला दादा. मी केला."

आतून बायको पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"मी तुला विचारलं व्हतं," दादा म्हणाला.

"व्हय."

"तू न्हाई म्हन्लास."

"व्हय."

त्यानं लावलेल्या पायाचा मांडीवरचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. मग माझ्या बायकोच्या हातून बशी घेतली. "दादा, थंड होऊन राहिले," असं म्हणण्याची वेळही तिच्यावर आणली नाही, निमूट खाऊ लागला. तो ओरडला असता तर मी कान धरून मोकळा झालो असतो. सगळे पोहे संपल्यावर म्हणाला, "आता तर वय बी गेलं. कुठंच घेणार न्हाईत. म्हंजे तुझा कागद शेवटी खरा झाला म्हण की."

पुतणीनं अर्ज माझ्या हातातून काढून घेतला. "मी खुल्यातून भरते," ती म्हणाली. "आन् मीच भरते." जाताना नमस्कार केला नाही. गेल्या महिन्यात तिची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे.

मी राजीनामा दिला असं लिहिता आलं असतं तर या मजकुराला बरं वळण मिळालं असतं. दिला नाही. सोमवारी वेळेवर ऑफिसला गेलो.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. "सुट्टी टाक. ते असमर्थ लिहिलेलं खोडून घ्यायचं हाय."

"आता या वयात त्याचा काय उपयोग?"

"उपयोग न्हाई विचारला तुला. चल म्हन्लं."

तो नियमाचा फलक होता त्याच कार्यालयात गेलो, तिथल्या बाई चांगल्या होत्या. दादाला आधी खुर्ची दिली. "बाबा, कोणत्या योजनेसाठी आलात?"

"योजना न्हाई. मी काम करू शकतो, एवढं लिहून पायजे."

"ते ठीक, पण लाभ कोणता घ्यायचाय?"

"कोणताच न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "असमर्थतेचा नमुना आहे आमच्याकडं," त्या म्हणाल्या, "समर्थतेचा नाही हो. आजवर कुणी मागितलाच नाही. साध्या कागदावर लिहून द्या, आवक करून घेते."

मी सवयीनं पेन काढला. दादानं तो माझ्या हातातून घेतला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर स्वतः लिहायला बसला. अक्षर मोठं, ओळ तिरकी. चार ओळी झाल्यावर थांबला.

"ह्यानं तुझ्या नोकरीचं काही व्हईल का?"

"चौकशी लागू शकते," मी म्हणालो. "जाऊ बी शकते."

तो पेन तसाच धरून राहिला. तो खाली ठेवील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर ठेवावा असंच वाटलं, तेव्हाही.

"मंग तुझं नाव बी घालावं लागंल," दादा म्हणाला आणि कागदावर वाकला. "हुद्दा काय लिहितेत तुझा?"

"वरिष्ठ लिपिक," मी सांगितलं.

त्यानं ते लिहिलं, माझ्या नावाच्या पुढं, सावकाश.