साडूभाऊंची फुली

बंदुकीवरची दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्या एका रेषेत बसल्या आहेत की नाहीत, हे कशाने ठरवावे? हा प्रश्न मला माझ्या साडूभाऊंमुळे पडला. दिग्रसपासून दारव्ह्यापर्यंतच्या टापूत तिरपेपणाचा त्यांच्याइतका कडवा वैरी दुसरा झाला नसेल. कोणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीवरची तसबीर सरळ करीत आणि मग पाणी घेत. माझ्या लग्नात अंतरपाट एका बाजूला कलला, तेव्हा ऐन मंगलाष्टकांत त्यांनी हात वर केला आणि भटजींना म्हणाले, "तुमचं चालू द्या महाराज, मी धरणाऱ्याले सांगून राह्यलो." त्यांच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोरी धरून, उभ्या-आडव्या रेघा जिथे छेदतात त्या फुलीवरच लावली जाई. तण काढायचा डवरा कोणत्याही बाजूने घाला, एक झाड दुखावत नसे. रायफलीच्या दुर्बिणीत छेदणाऱ्या दोन रेषांनाही ते फुलीच म्हणत. "फुली तिरपी, तं डवरा पऱ्हाटीवर," हा त्यांचा सिद्धांत शेताला, बंदुकीला आणि जावयाला सारखाच लागू होता.

कापसाला कोणी विचारीत नव्हते, त्या वर्षांतली ही गोष्ट. आज ना उद्या भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. साडूभाऊंच्या पुढच्या खोलीत तो छताला लागला होता आणि पाहुण्याने त्यालाच टेकून चहा प्यायचा. अशात शिवारातल्या एका रानडुकराने वेचणीला आलेल्या बाईची मांडी फाडली. बायांनी शेतात पाऊल टाकायचे नाकारले आणि फुटलेली बोंडे झाडावरच लोंबू लागली. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी आली. परवान्याची रायफल गावात एकट्या साडूभाऊंकडे होती. डुक्कर नुसते जखमी झाले असते, तर बायांवर दुसरे संकट ओढवले असते. गोळी एकच, पण अचूक हवी होती. आणि बांधावर लावलेल्या खुणेवर तर प्रत्येक गोळी निराळीकडेच जात होती.

साडूभाऊंनी गोळ्या काढून दुर्बीण उतरवली. बंदुकीच्या पाठीवर दोन बैठका असतात, प्रत्येक बैठकीवर एक कडी असते आणि दोन्ही कड्यांतून दुर्बिणीची नळी जाते. कड्या एका रेषेत नसतील, तर नळी पिळली जाते. हे तपासण्यासाठी त्यांनी लेथवर दोन पोलादी दांडे करून घेतले होते, एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला सपाट. प्रत्येक कडीत एक दांडा बसवला. अणीला अणी अचूक भिडली. मी अभिनंदन केले.

बायांची मुकादम गयाबाई अंगणात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, डुक्कर म्हातारं होऊन मरन, तवा बसन का तुमची दुर्बीण?"

"मरू दे त्याले म्हातारं होऊन. तुह्या पायाले काही झालं, तं मी तोंड कोणाले दाखवू?" मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, टोकाले टोक भिडलं म्हणजे जुळलं असं नसते. लग्नात कुंडल्या अशाच जुळते."

त्यांनी दांडे उलटे केले. आता सपाट तोंडे समोरासमोर आली आणि त्यांच्यामध्ये पाचरीसारखा उजेड दिसला. मागची बैठक काढली, तर तिच्याखाली सरकीचे एक चेपलेले टरफल, तंतूंसकट. बैठकीचे तेल पुसायला साडूभाऊंनी स्वतःच्याच हाताने ढिगातला कापसाचा बोंदा ओढला होता. टरफल त्यांनी तळहातावर घेतले.

साडूभाऊंच्या पत्नी, आमच्या ताई, दारातूनच म्हणाल्या, "बाजारात कोणी घेत नाही, म्हणून इथं येऊन बसला थो."

ते हसले. बैठक फडक्याने पुसून पुन्हा आवळली. या वेळी सपाट तोंडांमध्ये उजेड राहिला नाही. दुर्बीण चढवल्यावर खुणेवरच्या गोळ्याही एकाच जागी लागल्या. दुसऱ्या दिवशी सांजेला, डुकराच्या पाठीमागे गोळी अडवणारा उंच बांध पाहून, त्यांनी एकाच गोळीत ते पाडले. सकाळी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून गयाबाई सर्वांच्या पुढे शेतात शिरली. हा माणूस माझा साडू आहे, हे मी त्यानंतर शाळेत कितीदा सांगितले असेल.

पुढे त्यांची नजर अधू झाली. "फुली दिसत नाही, तं बंदूक कायले?" असे म्हणून परवाना त्यांनी आपणहून परत केला. आता त्यांच्या घरातल्या तसबिरी थोड्या कललेल्या असतात आणि त्या सरळ करायला कोणाचा हात धजत नाही.

माझ्या मते उत्तर असे: अणी फसवते, सपाट तोंड फसवत नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नये. दोन पेन्सिली किंचित कोनात धरून आधी टोके भिडवावीत, मग त्याच कोनात मागच्या बाजू, आणि स्वतःच पाहावे, एवढी विनंती.