आम्ही तिला डच म्हणत राहिलो

आमची आजी डच आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. सांगताना थोडा तोराही असायचा माझा, खोटं कशाला बोलू? सांगलीकडच्या खेड्यात सुती पातळ नेसून, डोक्याला फडकं बांधून गोठ्यात वावरणारी निळ्या डोळ्यांची आजी किती जणांना असते? आजी मात्र दर वेळी हात झटकायची. "डच न्हवं गं. फ्रिशियन." आम्ही हसायचो. नकाशात तो भाग हॉलंडच्या आतच तर दिसतो, मग फरक तो काय, असं आमचं शहाणपण.

आजोबा दुधाच्या धंद्याचं शिकायला तिकडे गेले होते. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शिकले, त्याच्याच मुलीशी लग्न करून परतले. गावानं काही महिने तोंडात बोटं घातली. मग बिथरलेली म्हैससुद्धा हिच्या हाताला पान्हा सोडते, हे दिसल्यावर तिला आपलं मानून टाकलं. सासूनं पहिल्या दिवशी ताकातल्या कण्या वाढल्या, तेव्हा आजी रडली होती म्हणे. तिच्या आईच्या घरी ताकात जव शिजवून अगदी अशीच पेज करायचे.

मराठी तिला सासूनं आणि शेजारणींनी शिकवली. त्यामुळे ती "मी आलो", "मी जेवलो" म्हणायची, तिथल्या बायका म्हणतात तसंच. पुढे ती माझ्याकडे इथं बहरीनला राहायला आली, तेव्हा एका गणपतीत पुण्याच्या एका बाईंनी तिला प्रेमानं दुरुस्त केलं, "आजी, जेवले म्हणायचं हं." परकीय बाईची चूक वाटली असणार त्यांना. आजीनं त्यांना नीट न्याहाळलं. "आमच्यात जेवलोच म्हणत्यात. तुमच्यात काय म्हणत्यात ते तुमी म्हणा." मी तोंडावर पदर धरून हसले. एवढी तिची मराठी पक्की होती, की ती तिची दुसरी भाषा आहे हे आम्ही विसरूनच गेलो.

माझी आई लवकर गेली. मग आजोबा गेले, त्यांच्या मागोमाग तिचा एकुलता मुलगा, माझे वडीलही. आजी एकटी उरली, तेव्हा मी तिला इथं आणलं, उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटवर. लिफ्टमध्ये लोक तिच्याशी इंग्रजीत अदबीनं बोलायचे आणि माझ्याशी हिंदीत, कारण मी तिची सांभाळणारी बाई आहे असं त्यांनी धरलेलं असायचं. आजीला याची भारी मजा वाटायची. "चल गं, माझी पिशवी घे," असं ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. खालच्या कोल्ड स्टोअर नावाच्या किराणा दुकानातून लबन आणून, म्हणजे इथलं बाटलीतलं ताक, त्यात ती कण्या शिजवायची. झल्लाकला समुद्रावर नेलं तर सपाट किनारा बघत बसायची. "आमच्याकडं पण असंच हाय, सपाट. निस्तं वल्लं." समुद्रात भराव घालून नवी जमीन करताना दिसली की तिला राहवायचं नाही. "आदी बांध घालावा, मग जमीन काढावी. ह्यांना कोण सांगणार?"

मागच्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय वाचले, चेहराही वाचला. मराठी गेली. दवाखान्यातून घरी आली ती तिच्या लहानपणाच्या भाषेत बोलतच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, म्हातारपणी पहिली भाषा तेवढी मागे राहते. वेदना नव्हत्या, भरवलं की खात होती, हसत होती. मला एकच धास्ती होती. आपण आपल्या माणसांत आहोत, हे तिला कळायला हवं. जिनं एकदा सगळं सोडून परक्या घराला आपलं केलं, तिला शेवटी पुन्हा परक्या घरात पडल्यासारखं वाटू नये. बाकी काही मला नको होतं.

संध्याकाळी सित्राच्या प्लांटवरून कंपनीच्या बसनं परतले, की मी तिच्या पलंगावर बसायची. ती माझं मनगट धरायची आणि एक वाक्य म्हणायची. रोज तेच. शेवटाला सूर वर जायचा, म्हणजे प्रश्न होता. "जेवलीस का?" असणार, असं मी ठरवून टाकलं. आमच्याकडची म्हातारी माणसं दुसरं काय विचारतात? मी म्हणायची, "हो आजी, हो." ती थोडं थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची. मग मनगट सोडायची.

या बाईनं आमची भाषा म्हशी-शेणासकट, शिव्या-ओव्यांसकट उचलली. आम्ही तिचा एक शब्द उचलला नाही. शिकव म्हणून कधी म्हटलंसुद्धा नाही. दोष कुणाला द्यायचा? तिनं कधी हट्ट धरला नाही आणि आम्हाला कधी गरज पडली नाही.

माझ्या प्लांटवर एक डच इंजिनिअर आहे, उंचापुरा, भला माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा नको, म्हणून मी त्याला शुक्रवारी घरी बोलावलं. आजीला तिची भाषा बोलणारा माणूस आणून दिला, या आनंदात मी शिराही केला होता. तो खुर्ची ओढून बसला आणि बोलायला लागला. आजी एकदम ताठ झाली. हात मांडीवर जुळवले. विचारलं तेवढ्याचं एका शब्दात उत्तर देऊ लागली. खेड्यातल्या शाळेत तपासणीला साहेब आले की पोरं बसतात ना, तशी.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तिनं मला मास्तर म्हटलं. आमची भाषा तिला शाळेत शिकवलेली आहे. पण तुझ्याशी ती जे बोलते, ते डच नाही. ते फ्रिशियन. मला त्यातला चौथा हिस्सासुद्धा समजत नाही."

तिनं आयुष्यभर दुरुस्त केलेलं मला एका परक्या माणसानं पहिल्या फटक्यात पटवलं. लाज वाटली. तो पुढे म्हणाला, "आमच्या तिकडच्या ऑफिसात त्या भागातली एक बाई आहे. फोन लावून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, शटडाऊननंतर बघू. दुरुस्तीसाठी प्लांट तीन आठवडे बंद राहणार होता आणि आमच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट लागल्या होत्या. तीन आठवड्यांची तर गोष्ट. त्यानं पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. थकले होते हे खरं, पण खरं कारण ते नव्हतंच. 'जेवलीस का' एवढ्याचा अर्थ विचारायला अनोळखी बाईला कशाला त्रास द्यायचा, असं मला वाटलं. माझ्या या समजूतदारपणाचा मला आज जितका राग येतो, तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

शटडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी ड्यूटीवर असताना, आजी गेली. नवऱ्यानं तिला सकाळचा चहा चमच्यानं पाजला, कप ठेवून आला, तोवर संपलं होतं. अंत्यसंस्कार इथंच केले. मी त्या इंजिनिअरला फोनचं पुन्हा काही बोलले नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःचंच हसं कशाला करून घ्यायचं?

महिनाभरानं त्यानंच आठवण काढली. आजीचं एखादं रेकॉर्डिंग आहे का, म्हणाला. होतं. गावाकडच्या नातेवाइकांना पाठवायला नवऱ्यानं एका संध्याकाळी व्हिडिओ काढला होता. आजी माझं मनगट धरून बोलतेय, एवढाच. मी तो पाठवून दिला आणि दोन दिवसांनी तिकडच्या ऑफिसातल्या त्या बाईचा फोन आला. आधी ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "माझी आजी अगदी असंच बोलायची. किती दिवसांनी ऐकलं!"

मी विचारलं, "जेवलीस का, असं विचारतेय ना ती?"

"छे," ती म्हणाली. "ती विचारतेय, पोरी, तू कुणाची? आमच्या खेड्यात अनोळखी पोर दारात आलं, की म्हातारी माणसं हेच विचारतात. आईबापाचं नाव सांगितलं की झालं. मग ते पोर परकं राहत नाही. घरात घेतात, खायला देतात."

वडिलांचं नाव मला ठाऊक होतं. आजीनंच ठेवलेलं. कुठल्याही भाषेत ते तेच राहिलं असतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?" तिनं सहज विचारलं.

"मी रोज हो म्हणत होते," मी म्हणाले.