क्लोविस भाऊजींचा कंगवा

आमच्या क्लोविस भाऊजींना मगरींचा भारी लळा, असं गावभर बोललं जातं. बोलणारे मुख्यतः भाऊजी स्वतःच. माझ्या थोरल्या बहिणीचे, ओझीतचे नवरे म्हणून मी त्यांना तोंडावर भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात काय म्हणते ते मनातच राहू दे. आणि मी वर्लीन. गावात माणसांवर चालून येणाऱ्या मगरी मारायचा सरकारी परवाना माझ्याकडं आहे. म्हणजे एकाच घरात एक मगरींचा लाडका आणि एक मगरींचा यम. रविवारी गम्बोच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या रश्श्याच्या, पातेल्याभोवती बसलो की मजाच.

भाऊजी जन्मले ह्याच दलदलीच्या काठी, लुईझियानात, आणि उभा जन्म त्यांनी गावातल्या पुरुषांचे केस कापले. बरे कापायचे, खोटं कशाला बोलू. पण तोंडाची टकळी अशी की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अडकलंच. बोलण्यात एवढे गुंतलेले असायचे की पुढच्याला हाक मारायलाही तोंड रिकामं नसायचं. मग हातातला स्टीलचा कंगवा खुर्चीच्या दांडीवर आपटायचे, टक् टक्, की बाकावरचा पुढचा माणूस मुकाट उठून यायचा. गावातल्या कुठल्याही पुरुषाच्या मागं जाऊन टक् टक् करा, अजूनही अर्धवट उठून उभा राहील.

पुढं हात थरथरायला लागले. एका पाद्रीबाबांच्या कानाला कात्री लागली आणि दुकान बंद झालं. मुलांनी कौतुकानं कॅमेरा आणून दिला. पोरं लांब ह्यूस्टनला राहतात, त्यांना काय! भोगायचं आम्ही.

आमच्या चर्चच्या मागून दलदलीत फळ्यांची एक वाट जाते. दोन्ही बाजूंना कठडा, खाली काळं पाणी, वर सायप्रसची झाडं. ऊन पडलं की मगरी ओंडक्यांवर येऊन पडतात आणि त्यांना बघायला जगभरची माणसं येतात. काय एकेक ध्यान! डोक्यावर जाळीची टोपी, अंगभर डासांचं तेल, खांद्याला बंदुकीपेक्षा जड कॅमेरा. ‘किती शांत आहे हो इथं!’ असं ओरडून एकमेकांना सांगतात. मगर दिसली की तिच्याकडं डोळ्यांनी बघायला कुणाला वेळ नसतो. घरी जाऊन बघणार म्हणे.

भाऊजी त्यांचे महंत झाले. खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलं आणि वाटेच्या तोंडाशी उभे राहू लागले. घरात मीठसुद्धा ओरडून मागणारा हा माणूस तिथं कुजबुजायला लागला. ‘हळू. त्यांना सगळं ऐकू येतं.’ बैठकीच्या भिंतीवर मगरी, जिन्यात मगरी, न्हाणीघरात मगरी. लग्नाचा फोटो तेवढा उतरवून धुण्याच्या खोलीत टांगला. ओझीत मला म्हणाली, ‘वर्लीन, लग्नात मी बरी दिसत होते गं. आता फक्त वॉशिंग मशीनला दिसते.’

आणि उपदेश! वाटेच्या तोंडाशी त्यांनी स्वतः रंगवून पाटी लावली, ‘मगरींना खायला घालू नका.’ कुणाच्या हातात कोंबडीचं हाडूक दिसलं की संपलंच. ‘एकदा तिला माणसाकडून खायला मिळालं की ती माणसाची वाट बघते. माणसाकडं चालत येते. आणि अशी मगर इथं कुणी दुसरीकडं नेऊन सोडत नाही. चार फुटांच्या वरची असेल तर मारतात. ही बघा, ही माझी मेहुणीच मारते.’ असं म्हणून माझ्याकडं बोट दाखवायचे. लोक माझ्याकडं बघून तोंड वाकडं करायचे. बोललेलं मात्र खरं होतं, अक्षरन् अक्षर. हे सगळ्यांत चांगलं भाऊजींनाच ठाऊक होतं, हे लक्षात ठेवा.

त्यांच्या जीवाला एकच घोर होता. चर्चचं कॅलेंडर निघतं, त्याच्या पहिल्या पानावर दरवर्षी दातांच्या डॉक्टरच्या बायकोनं काढलेला बगळ्याचा फोटो असायचा. भाऊजींच्या मगरी आत, ऑगस्टमध्ये नाहीतर नोव्हेंबरमध्ये. ‘बगळा काय, उभाच असतो,’ ते चरफडायचे. ‘मगर समोरून, तोंड उघडून, डोळ्यांत डोळे घालून कुणी काढून दाखवावी!’ वाटेच्या वळणावर एक मोठी मादी राहायची, नाकाडावर खाच असलेली. तिचं नाव त्यांनी मावशी ठेवलं होतं.

आणि ह्या वर्षी पहिल्या पानावर मावशी आली. समोरून, जबडा उघडून, थेट बघत. चर्चमध्ये लोकांनी पाठ थोपटली. बगळेवाली बाई त्या दिवशी आजारी पडली.

‘भाऊजी, ही तुमच्याकडं एवढं टक लावून का बघतेय हो?’ मी विचारलं.

‘विश्वास, मेहुणीबाई,’ ते कुजबुजले. ‘विश्वास कमवावा लागतो. तुला नाही कळायचं. तू बंदूकवाली.’

मी ते कॅलेंडर घरी नेऊन टांगलं. ओझीतसाठी टांगलं, त्यांच्यासाठी नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ते प्रकरण झालं. उत्तरेकडून आलेले एक म्हातारेबुवा वळणावर दमून उभे राहिले. हातातली काठी त्यांनी सहज कठड्यावर आपटली. पाण्यातून मावशी सरळ आली आणि कठड्याखालून पुढचे दोन्ही पाय फळ्यांवर ठेवून तिनं जबडा उघडला. म्हातारेबुवा मागं पडले, मनगट मोडलं. ती त्यांना चावली नाही, काही नाही. नुसती तोंड उघडून वाट बघत राहिली. पण माणसावर आली म्हणजे आली. दुपारी मला वन्यप्राणी खात्याचा फोन आला.

म्हातारेबुवांना मी दवाखान्यात जाऊन विचारलं. ते म्हणाले, ‘अहो, मी काहीच केलं नाही. काठी अशी दोनदा आपटली, टक् टक्.’

माझ्या डोक्यात वीज चमकली. तशीच गाडी फिरवून बहिणीच्या घरी गेले. भाऊजी स्वयंपाकघरात कॉफी पीत होते.

‘काय घालता तिला?’

‘कुणाला?’

‘सोंग नको. कंगवा आपटून बोलावता आणि काय घालता?’

‘वर्लीन, ती पाटी मी रंगवलीय!’

‘पाटी मला वाचता येते. काय घालता?’

ओझीत चुलीशी उभी होती. ती मागं न वळता म्हणाली, ‘कपाटातले मार्शमेलोचे पुडे संपतात सारखे. मला वाटलं, तुम्हीच चोरून चरता.’

भाऊजींचा चेहरा पडला. पण हार मानतील तर भाऊजी कसले! ‘मार्शमेलो म्हणजे काय खाणं झालं का? फुगवलेली साखर ती. नुसती हवा! मी तिला मांस घातलं नाही, मासा घातला नाही. कुणी कधी मला खायला घालताना पकडलंय?’

आता गंमत बघा. हे खूळ त्यांच्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. आमच्याकडं जो तो हेच म्हणतो. मार्शमेलो पाण्यावर पांढरा तरंगतो, मगरीला लांबून दिसतो, टुरिस्टांच्या बोटीवर पोती भरून ठेवलेले असतात. कोंबडी टाकली तर गुन्हा, मार्शमेलो टाकला तर गंमत. जणू मगर आधी पुड्यावरचं वाचते आणि मग ठरवते, हे जेवण की हवा. दुसऱ्यांच्या हाडकावरून नाकानं कांदे सोलणारा हा माणूस जाकिटाच्या खिशात तेच घेऊन उभा होता.

‘तुम्ही तिला मारलीत, भाऊजी,’ मी म्हटलं. ‘गोळी तेवढी माझी.’

‘मी सांगतो ना खात्याला! तिची चूक नाही म्हणून सांगतो. दुसरीकडं सोडा म्हणतो.’

‘नऊ फुटांची मगर कुठं सोडणार? तुमच्या बैठकीत? जागा आहे का भिंतीवर?’

ओझीत म्हणाली, ‘वर्लीन, पुरे.’ मला पुरे झालं नव्हतं, पण मुद्द्यावर आले. माझी नेहमीची पद्धत म्हणजे पाण्यावर आकडा टांगायचा, त्याला कोंबडी लावायची आणि सकाळी बघायला जायचं. पण त्या वळणावर आणखीही मगरी आहेत. कोंबडी कोण गिळेल त्याचा नेम नाही. मावशी बोटीचा आवाज आला की बुडी मारायची, मला कधी जवळ येऊ देणार नव्हती.

‘उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर यायचं,’ मी म्हटलं. ‘कंगवा घेऊन. नाही आलात तर मी आकडे टांगते. मग जिनं कधी तुमचं तोंडसुद्धा बघितलं नाही, तिचा जीव जाईल. मावशीचा तर त्यानंतरही जाईल.’

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता छातीत दुखतंय म्हणतील.

पण आले. जाकीट नव्हतं, साधा सदरा. गळ्यात कॅमेरा मात्र होता. मी बघितलं तसे म्हणाले, ‘सवयीनं अडकवला गं,’ आणि मीही सोडून दिलं. वाट खात्यानं बंद केली होती, आम्ही दोघंच. वळणावर त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि उभे राहिले. कंगवा काही आपटेनात.

‘एरवी किती वेळ लागतो तिला यायला?’ मी विचारलं.

‘लगेच येते,’ ते म्हणाले. ‘पोरीसारखी येते.’

टक् टक्.

खरंच लगेच आली. शेवाळ फाडत, सरळ रेषेत. भाऊजींनी मार्शमेलो टाकला. तिनं मान वर केली, जबडा उघडला आणि त्यांच्याकडं बघितलं. कॅलेंडरवर बघते तश्शी. मी माझं काम केलं. मी ते नीट करते, जनावराला दुसरी गोळी लागत नाही.

नंतर मी दोर टाकत होते. भाऊजी कठडा धरून उभे होते, कंगवा अजून हातातच. त्यांचे ते थरथरते हात. कंगवा कठड्यावर वाजत होता, टक् टक् टक् टक्, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मीच आधी बघितलं. पलीकडच्या बोरूच्या बेटातून पिवळ्या पट्ट्यांची पिल्लं बाहेर आली. गेल्या साली अंड्यातून फुटलेली, मावशीच्या मागं मागं राहणारी, हातभर लांबीची. एकामागून एक आमच्याकडं आली, थेट कठड्याखाली. इवले जबडे उघडून वर बघत थांबली.

‘वर्लीन,’ भाऊजी म्हणाले. ‘ही पण?’

‘आज लहान आहेत,’ मी म्हटलं. ‘वाढतील. मग मला फोन येईल.’

मी आणखी चार शब्द सुनावणार होते. सुनावायला जीभ नुसती वळवळत होती. तेवढ्यात त्या कुजबुजणाऱ्या माणसानं अशी बोंब ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. ‘चला! निघा! हट्! मेल्यांनो, पळा इथून!’ कंगवा फेकून मारला. टोपी मारली. फळ्यांवर पाय आपटले, कठड्याखालून हात घालून कडेचा चिखल उपसला आणि गोळे मारत सुटले, रडत, शिव्या देत. कॅमेरा नाही फेकला. एवढाही काही माणूस बदलत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी जातात. नवा कंगवा घेतलाय. आधी टक् टक्, मग पिल्लू वर आलं की चिखलाचा गोळा आणि आरडाओरडा. ती पाटी काढली नाही, पण आता तिच्यापाशी उभे राहत नाहीत. टुरिस्ट त्यांना वेडा म्हणतात. गावातले लोकही म्हणायला लागलेत, म्हातारा बिघडला. दातांच्या डॉक्टरच्या बायकोनं तक्रार केली की तिचे बगळे उडतात. पिल्लांतली बहुतेक आता टक् टक् ऐकलं की बुडी मारतात. एक मात्र अजून येतं. सगळ्यांत लहान. गोळा अंगावर घेतं, लांब जातं, पुन्हा तोंड उघडून येतं. भाऊजींचा घसा बसलाय.

परवा मी वाटेवरून येत होते, तर जाळीच्या टोपीतली एक बाई धावत आली. गळ्यात हा एवढा कॅमेरा. ‘अहो, तो म्हातारा बघा, बिचाऱ्या पिल्लाला चिखल मारतोय! इतकं गोड समोर आलं होतं, फोटो काढणार तोच! कुणाला तरी बोलवा!’

‘मलाच बोलावतात, बाई,’ मी म्हटलं.

‘मग करा ना काहीतरी!’

मी खाली वाकले, चिखलाचा एक बरासा गोळा केला आणि तिच्या हातावर ठेवला.

‘नेम धरा,’ म्हटलं.