हंसाचं जेवण

आमच्या आईने एका कुत्र्यापायी अन्न सोडलं होतं.

आज ती जाऊन वर्ष झालं. सगळ्यांनी तिच्या पुरणपोळ्यांची आठवण काढली. म्हटलं, आपण हंसाची सांगावी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आम्ही संत तुकाराम नगरमध्ये दोन खोल्यांत राहायचो. बाबांचा जर्मन साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि आपला अल्सेशियन बाबांच्या हवाली करून गेला. सोबत कुत्र्याच्या खाण्याचे परदेशी डबे, एक खोकं भरून.

नाव हान्स. आईने दारातच त्याचा हंसा करून टाकला.

आई माळकरी. डब्यात मांस, म्हणून ती त्याला हात लावायची नाही. सकाळी बाबा पोहे खायचे, चहा प्यायचे आणि मग नाकाला रुमाल लावून डबा फोडायचे. हंसा ताटली चाटून लख्ख करायचा.

डबे संपले.

तेव्हा काय आजच्यासारखी पाकिटं मिळत होती होय? माझी नात तिच्या पग कुत्र्याला चिकन फ्लेवर, सॅल्मन फ्लेवर असलं काय काय घालते. आमच्याकडे एकच फ्लेवर. ज्वारीची भाकरी.

आई म्हणाली, आता त्याचं जेवण माझ्याकडे. तिने भाकरी दुधात कुस्करली, वर चमचाभर तूप सोडलं. साहेबाच्या घरून आलेला पाहुणा, म्हणून पहिली ताटली त्याची. आमची पानं नंतर.

हंसाने वास घेतला, आईकडे बघितलं आणि खाली बसला. ताटलीला तोंड म्हणून लावलं नाही.

संध्याकाळी दहीभात. नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खाटकाकडून हाडं आणली, मागच्या अंगणात विटांच्या चुलीवर उकडली आणि फर्स्ट शिफ्टला जायचं म्हणून तशीच ठेवून पळाले. आमच्या माळकरी आईने ती सांडशीने उचलून हंसाच्या पुढ्यात ठेवली. मी डोळे फाडून बघत होते.

तरी नाही. लाळ गळत होती हो त्याची. पण तोंड लावेना.

शेजारपाजारचे येऊन बघून जायचे. विलायती जनावर ते, त्याला आपली भाकरी कुठली गोड लागायला, असं जो तो म्हणायचा. आईला ते फार लागायचं. तिच्या हातचं नको म्हणणारा तोवर जन्माला यायचा होता.

साहेबाला विचारावं तर तो सातासमुद्रापार. हंसाच्या बरगड्या दिसायला लागल्या. बाबा धास्तावले, दुसऱ्याचं जनावर आपल्या दारात मरतंय की काय म्हणून.

आणि या सगळ्यात आई जेवत नव्हती, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. कसं येणार? ती नेहमीच सगळ्यांच्या मागून जेवायची. ती जेवताना आम्ही कधी बघितलेलीच नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा शिफ्टवरून आले तर आई नळाजवळ भिंतीला टेकून बसलेली. डोळ्यांपुढे अंधारी. बाबांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, हंसाने खाणं सोडल्यापासून बाई नुसत्या चहावर होती.

"पाहुणा उपाशी आणि मी घास गिळू?"

बाबा चिडतील असं वाटलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तो गेला तर मी साहेबाला तोंड दाखवीन कसंही. तू गेलीस तर मी काय करू?"

असलं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

बाबांनी स्वतः ताट वाढून आणलं. भाकरी, पिठलं, कांदा. आईने मागच्या पायरीवर बसून रडत रडत पहिला घास घेतला.

हंसा उठला. तिला चावताना नीट बघितलं. आणि सकाळपासून पडलेल्या भाकरीवर असा तुटून पडला, की ताटली सरकत सरकत पार तुळशीपर्यंत गेली.

बाबांनी कपाळावर हात मारला. साहेबाकडे शिस्तच होती. आधी साहेब जेवणार, मग कुत्रा. बाबांचेही पोहे डब्याच्या आधीच व्हायचे. आता वाढणारी आई, त्याच्या लेखी तीच साहेब. म्हणजे ती जेवल्याशिवाय हा शिवणार नाही, आणि पाहुण्याच्या आधी ती जेवणार नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत उपाशी, राव!

तेव्हापासून आमच्या घरात पहिलं पान आईचं. तव्यावरची पहिली भाकरी, गरम.

आत्या राहायला आली तेव्हा तिचा पाराच चढला. पुरुषमाणसं बसायची आहेत आणि ही खुशाल जेवते?

आई घास न थांबवता म्हणाली, "मग काय करू वन्सं, मुकं जनावर उपाशी ठेवू?"

आणि हळूच हसली. मी पाहिलंय. तिला ते जेवण आवडायला लागलं होतं.

हंसा भाकरीवर म्हातारा झाला. ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी एका दुपारी अंगणातच गेला. बाबांनी त्याला पेरूखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी आईने आमची पानं वाढली आणि परत चुलीशी जाऊन उभी राहिली, पूर्वीसारखी.

बाबांनी ताटाला हात लावला नाही.

"अहो, जेवा ना."

"तू बस आधी."

"आता कशाला? तो आहे का आता?"

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

आई बसली. जेवताना सारखा पदर डोळ्यांना लावत होती. पण जेवली. आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून थांबलो.

आई, मनापासून नमस्कार. आणि हंसा, तुलाही रे.